पंडिताबाईंचे उघडे दार

११ मार्च १८८९ रोजी गिरगाव चौपाटीजवळ, भाड्याच्या घरात, शारदा सदन सुरू झाले. पटावर मुली दोनच. उद्घाटनाच्या सभेत अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. चालक पंडिता रमाबाई. वय तीस, विधवा, आठ वर्षांच्या आतल्या एका मुलीची आई, साडेपाच वर्षांपूर्वी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेली. पैसा बॉस्टनच्या देणगीदारांचा. मुली ब्राह्मणादी वरच्या जातींतल्या. सल्ला द्यायला डॉ. आत्माराम पांडुरंगांसारखी प्रार्थना समाजाची माणसे. ही सगळी मोट बांधली होती एका नियमाने. या घरात धर्म शिकवायचा नाही. ज्या मुलीला आपले सोवळे, आपले देव, आपले उपासतापास पाळायचे असतील तिने ते पाळावेत. बाईंनी आपला धर्म आपल्यापाशी ठेवावा.

नियम इतका सोपा की त्यावर चार-पाच वर्षांनी पुण्यात रणे माजतील असे त्या दिवशी कोणाला वाटले नसणार. पण तो सोपा नव्हता. बरेवाईट ठरवायचे कोणी, देवाची आज्ञा आणि धर्मगुरूची आज्ञा एकच का, माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीला कोणती सत्ता मोडता घालू शकते, हे ख्रिस्ती नीतिविचारातले जुने भांडण आहे. रमाबाई ते इंग्लंडात स्वतःच्या अंगावर घेऊन आल्या होत्या. चौपाटीवरचा नियम त्या भांडणातूनच निघाला होता.

गिरगावाला हे भांडण नवे नव्हते. १८४३ साली स्कॉटिश मिशनच्या रॉबर्ट नेस्बिटने नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाला बाप्तिस्मा दिला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, मिशनऱ्यांच्याच घरी राहत होता. बापाने कोर्टात धाव घेतली आणि सुप्रीम कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. एवढ्या वयाच्या पोराला धर्म बदलण्याइतकी समज नसते, असे कोर्टाला वाटले. गंमत पुढेच आहे. सुटून आलेल्या पोराला जातीत घ्यायचे की नाही यावर मुंबईतल्या ब्राह्मणांत दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, प्रायश्चित्त देववले आणि स्वतः बोलणी खाल्ली. कोर्टाने सोडवले, मिशनने गमावले, जातीने उंबऱ्यावर थांबवले. श्रीपतला काय हवे आहे हे यातल्या कोणी विचारल्याचे दिसत नाही.

सहा वर्षांनी, १८४९ मध्ये, परमहंस मंडळी निघाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आणि त्यांचे सोबती. दारे लावून बसायचे, एकत्र प्रार्थना करायची, आणि ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खाऊन आपण जात मोडली याची एकमेकांना साक्ष द्यायची. बाहेर पडले की पुन्हा संध्या आणि सोवळे. पुढे १८६० च्या सुमाराला सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटण्याच्या धास्तीने मंडळी पांगली. या मंडळीत बाबा पदमनजीही जात असत. त्यांना हे चोरटे स्वातंत्र्य पुरले नाही. १८५४ मध्ये त्यांनी उघड बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांनी विधवांच्या दुःखावर ‘यमुनापर्यटन’ लिहिले. दादोबांचे धाकटे भाऊ आत्माराम दुसऱ्या वाटेने गेले. १८६७ मध्ये त्यांच्या घरी प्रार्थना समाज स्थापन झाला. कोणताही ग्रंथ चुकातीत नाही, ईश्वर एक, मूर्ती नको, पण समाज सोडून बाहेरही पडायचे नाही. गिरगावातल्या समाजाच्या मंदिरात दर रविवारी उपासना होई. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आंब्रोळीला स्कॉटिश मिशन, तिकडे पोर्तुगीज चर्च. विवेकाने चालायचे तर किती चालायचे आणि कुठे थांबायचे, याची तीन-चार उत्तरे एकाच वस्तीत नांदत होती.

रमाबाई यातल्या कोणत्याच उत्तरात नीट बसल्या नाहीत. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी आईने संस्कृत शिकवून वाढवलेली. आईबाप आणि बहीण दुष्काळात गेली, भावाबरोबर पायी हिंडत ती कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या पंडितांकडून ‘सरस्वती’ पदवी घेऊन बसली. १८८० मध्ये तिने बिपिनबिहारी मेधावी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतल्या बंगाली वकिलाशी नोंदणी लग्न केले. १८७२ च्या ज्या कायद्याखाली हे लग्न झाले त्यात आपण हिंदू नाही, ख्रिस्ती नाही असे लिहून द्यावे लागे. म्हणजे पुण्यातल्या लोकांनी ‘ही बाटली’ म्हणून हाकाटी केली त्याच्या तीन वर्षे आधीच ही बाई कागदोपत्री कोणत्याही धर्माची नव्हती. पावणेदोन वर्षांत पटकीने नवरा गेला. १८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिले. बायकांनी कसे वागावे हे सांगणारे, बरेचसे जुन्या वळणाचे पुस्तक आहे ते. त्याच्या विक्रीतून इंग्लंडचे भाडे निघाले. नीतीच्या पुस्तकावर स्वार होऊन ही बाई नीतीचा अधिकार कोणाचा हे विचारायला निघाली, असे आज मागे पाहताना म्हणावेसे वाटते.

इंग्लंडात त्या उतरल्या वाँटेज या गावी, सेंट मेरी भगिनी मंडळाच्या मठात. या भगिनींची शाखा पुण्यात पंचहौदाला होती, ओळख तिथलीच. हा मठ अँग्लिकन पंथातल्या त्या गटाचा, ज्याला चर्चची परंपरा, बिशपांची परंपरेने आलेली सत्ता आणि विधीचे पावित्र्य फार मोलाचे वाटे. भगिनींची तीन व्रते असत: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकता. तिसऱ्या व्रताकडे लक्ष ठेवा. सिस्टर जेराल्डिन ही त्यांतली एक. पुण्यात राहून प्रकृतीपायी परतलेली. रमाबाईंना ख्रिस्ती जगात बोट धरून नेण्याचे काम तिच्याकडे आले. रमाबाई तिला ‘आजीबाई’ म्हणत. पत्रांचा मायनाही तोच.

मुक्कामाच्या पहिल्याच महिन्यांत घरात एक भयंकर गोष्ट घडली. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांच्या मनाने घेतले की आपल्याला बळाने बाटवणार. त्या भरात त्यांनी विष घेऊन जीव दिला. अशा घरात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. वाँटेजच्या बायकांना वाटले, काम फत्ते झाले. पण खरे भांडण आता सुरू होणार होते.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्याकडे शिकायला गेल्या. फी आणि खर्च भागावा म्हणून हिंदुस्थानात जाणाऱ्या पुरुषांना त्यांनी भाषा शिकवावी असे ठरत होते. इतक्यात मुंबईचे बिशप मिल्न आणि लाहोरचे बिशप फ्रेंच यांची नाराजी आली. एका तरुण विधवेने पुरुषांना शिकवले हे हिंदुस्थानात कळले तर तिच्या पुढच्या कामाला बट्टा लागेल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना याचे मोठे नवल वाटले. बापाने त्यांच्या आईला शिकवले होते आणि आईने त्यांना. कलकत्त्याच्या पंडितांपुढे, पुण्याच्या पुरुषांच्या भरसभेत त्या बोलल्या होत्या. हिंदू बापाला आणि नवऱ्याला जे गैर वाटले नाही ते ख्रिस्ती बिशपांना हिंदू समाजाच्या वतीने गैर वाटावे? मला यातला तिखटपणा आवडतो, पण त्याखालचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. बिशप सांगत होते ती देवाची आज्ञा नव्हती, ती होती लोकलाज. आणि लोकलाजेला धर्माज्ञेचा अंगरखा घालणारे पुरोहित रमाबाईंनी आपल्या जन्मस्थानापासून, गंगामुळापासून, कलकत्त्यापर्यंत पुष्कळ पाहिले होते.

पुढचे वर्ष पत्रांत गेले. सगळ्यांत तपशीलवार भांडणे झाली ती जेवणावरून. रमाबाई शाकाहारी. अंडे घातलेले पुडिंग त्या खात नसत. जेराल्डिनबाईंना त्यात जातीचा ताठा दिसे. ख्रिस्ती झालात, आता सोवळे कशाला? रमाबाईंचे उत्तर असे की मला जे रुचते ते मी खाते, जात मी केव्हाच सोडली, पण पाईत आणि पुडिंगात माझा गर्व शोधायला तुम्ही मोकळ्या आहात. क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरायची टूम निघाली तर त्यांनी विचारले, संस्कृत का नको? लॅटिनमध्ये असे काय अधिक पावित्र्य आहे? ही चिल्लर वाटणारी भांडणे मला मोठ्या तात्त्विक पत्रांपेक्षा बोलकी वाटतात. कारण मूळ प्रश्न इथेच उघडा पडतो. ख्रिस्ती होणे म्हणजे ख्रिस्ताचे होणे, की इंग्रजी मठाच्या स्वयंपाकघराचेही होणे?

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना. पहिल्या शतकात बिगरयहुदी लोक ख्रिस्ताकडे आले तेव्हा त्यांनी सुंता करावी का, खाण्यापिण्याचे यहुदी निर्बंध पाळावेत का, यावर रण झाले. पौलाने गलतीकरांस लिहिलेले पत्र त्यातून आले. नियमशास्त्र पाळून माणूस देवापुढे नीतिमान ठरत नाही, ख्रिस्ताने त्याला मोकळे केले आहे, असे तो बजावतो. आणि लगेच, या मोकळिकीचा बहाणा करून देहाचे चोचले पुरवू नका असेही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत ख्रिस्ती नीतिशास्त्राने दोन हजार वर्षे काढली आहेत. लूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर पुस्तिका लिहिली ती याच जागेतून. कार्डिनल न्यूमन मूळचा अँग्लिकन, जेराल्डिनच्या मठाला ज्या चळवळीतून प्रेरणा मिळाली तिचा पुढारी, पुढे रोमन कॅथलिक झालेला. त्यानेही १८७५ मध्ये पोपच्या सत्तेवर लिहिताना सदसद्विवेकबुद्धीला पहिला मान दिला होता. म्हणजे रमाबाई जे मागत होत्या ते परक्या मुलखातून आणलेले नव्हते. ते घरचेच होते, फक्त घरच्यांना एका काळ्या विधवेच्या तोंडून ऐकायला जड जात होते.

जेराल्डिनबाईंची बाजू हलकी समजू नये. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: विवेकबुद्धी ही आपोआप शहाणी नसते, तिला वळण लागते. ते वळण चर्च देते. कालपरवा आलेल्या माणसाने अठराशे वर्षांच्या शिकवणुकीतून निवडानिवड करायची याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत, गर्व म्हणतात. आज्ञापालनाचे व्रत घेतलेली बाई हे मनापासून बोलत होती. आपण मागतो ते ती स्वतः रोज देत होती. आपल्याकडच्या कोणत्याही गुरुपरंपरेतला माणूस हेच सांगेल. बील यांनी मधला सूर लावला. घाई करू नका, ही बुद्धिमान बाई आहे, तिला प्रश्न विचारू द्या.

१८८५ च्या मे महिन्यात रमाबाईंनी आजीबाईंना जे लिहिले ते त्यांच्या साऱ्या आयुष्याचे सूत्र म्हणता येईल. एका भिक्षुकशाहीचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, ते दुसऱ्या तसल्याच जुवाखाली मान द्यायला नव्हे. देवाने मला मन दिले आहे, विवेक दिला आहे. तो विचार करायला दिला आहे. मी ख्रिस्ताच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला, पाद्री किंवा बिशपच्या तोंडून पडेल तो शब्द झेलण्याचे बंधन त्यात नव्हते. आणि यातच त्यांनी फरक केला तो नेमका: देवाच्या वचनाचे आणि त्याच्या नियमाचे पालन ही एक गोष्ट, पुरोहितांची ताबेदारी ही अगदी दुसरी. स्वैराचाराचा आरोप त्यांनी असा परतवला. त्रैक्याचे सूत्र, अथेनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार, कुमारीच्या पोटी जन्म या गोष्टी त्यांच्या बुद्धीला पटत नव्हत्या आणि पटल्याशिवाय त्या म्हणायला तयार नव्हत्या. आपल्या मुलीला, मनोरमेला, काय शिकवायचे यावरही त्यांनी हक्क सांगितला. मला पटत नाही ते माझ्या पोरीला शिकवू नका.

या शेवटच्या मागणीत एक फट आहे, आणि ती तेव्हा कोणाच्या लक्षात आली की नाही कोण जाणे. चार वर्षांच्या मनोरमेच्या विवेकाचे काय? आईने बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिलाही दिला गेला होता. मोठ्यांचे स्वातंत्र्य आणि पोरांचे स्वातंत्र्य हे दोन वेगळे प्रश्न आहेत. श्रीपत शेषाद्रीच्या वेळी मुंबईला याची ठेच लागली होती आणि पुढे शारदा सदनाला लागायची होती.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभाला हजर राहिल्या. तिथेच राहून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे इंग्रजी पुस्तक लिहिले. लहानपणी लावलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला तेव्हा मुंबईत गाजत होता. नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा मार्च १८८७ चा निकाल. आणि रखमाबाईंचे उत्तर, तुरुंगात जाईन. रमाबाईंनी पुस्तकात यावर संताप ओतला आहे. कायदा आणि न्याय हे एकच नव्हेत हे सांगायला त्यांना आता बिशपांचे उदाहरण लागत नव्हते, गिरगावातलेच पुरत होते.

डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाचे. सभासद नाना पंथांचे. त्यांनी दहा वर्षे पैसा पुरवायचे कबूल केले. शाळा कोणत्याही पंथाची नसेल, धर्मशिक्षण नसेल, मुलींना आपापल्या धर्माची पूर्ण मोकळीक असेल, हे ठरले ते इथे. नियमाला दोन्हीकडून निकड होती. हिंदू बापांना तो हवा होता आणि एकमेकांचे पंथ न मानणाऱ्या देणगीदारांनाही. पण रमाबाईंना तो हवा होता तो वाँटेजमुळे, असे मी समजतो. आपल्यावर जे झाले ते आपल्या दारी येणाऱ्या पोरींवर होऊ नये. जेराल्डिनबाईंना अर्थातच हा धर्मद्रोह वाटला: ख्रिस्ती बाईने ख्रिस्ताचे नाव न घेण्याचा करार करायचा?

चौपाटीच्या घराचे रोजचे चलन त्या करारावर चाले. स्वयंपाक ब्राह्मणाच्या हातचा. मुली आपापले सोवळे-ओवळे सांभाळत. रमाबाई स्वतः शाकाहारी, पांढऱ्या साडीत. वाँटेजला जो ताठा मानला गेला तो इथे उपयोगी पडला. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी, देवरुखची. लहानपणीच लग्न होऊन काही महिन्यांत विधवा झालेली. भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होते, धोंडो केशव कर्वे यांच्याबरोबर राहत होते. बहिणीला आणून सदनात घालण्याचे धाडस त्यांनी केले. गोदूबाईंच्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्या दिवसांचा वृत्तांत आहे. ज्यांना शारदा सदन म्हणजे नुसता वाद वाटतो त्यांनी ते वाचावे. १८८९ च्याच डिसेंबरात मुंबईला काँग्रेस भरली. तिच्या मांडवात झालेल्या सामाजिक परिषदेत रमाबाई विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलल्या. वर्तमानपत्रे तोवर त्यांच्याबद्दल बरे लिहीत होती. ‘केसरी’सुद्धा.

मग अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात छापून आले की सदनातल्या काही विधवांचा ओढा ख्रिस्ताकडे आहे. ‘केसरी’ने ते उचलले. कुजबूज सुरू झाली. मुंबईचा खर्च परवडेना म्हणून नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्याला हलले. म्हणजे आगीतून फुफाट्यात. एकच महिना आधी पंचहौद मिशनमध्ये चहा झाला होता, आणि तो घेतल्यावरून पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. चहा पिणाऱ्यांत टिळक होते, रानडे होते. पुढे १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्यांना त्या चहात पाप वाटत नव्हते हे सर्वांना ठाऊक होते. आप्तमित्रांची कोंडी सुटावी म्हणून घेतले. विवेकाने एक सांगायचे आणि समाजासाठी दुसरे करायचे, हा परमहंस मंडळीचा जुना तोडगा रानड्यांच्या हातून उघड्यावर वापरला गेला. त्यांच्यावर हसणारे तेव्हाही होते. मला हसू येत नाही. दुसऱ्यांच्या त्रासासाठी आपला ताठा सोडणे हीही एक नीती आहे, आणि पौलाला ती मान्य झाली असती. तुम्हाला खाण्याची मोकळीक आहे, पण दुर्बळ भावाला ठेच लागणार असेल तर खाऊ नका, असे त्याने करिंथकरांना कळवले होतेच.

इकडे रमाबाई बदलत होत्या. १८९१ च्या सुमारास हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन त्यांच्या हाती पडले. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांना वाटले. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी हे लिहिले आहे. तोवर त्यांच्या लेखी ख्रिस्त हा बुद्धीला पटलेला श्रेष्ठ नीतिमार्ग होता. आता तो कृपा करून सोडवणारा तारक झाला. आणि ज्याला सुटल्यासारखे वाटते त्याला गप्प बसवत नाही. त्या आपल्या खोलीत मनोरमेसह पवित्र शास्त्र वाचत, प्रार्थना करत. दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या.

दार हेच मग भांडणाचे कारण झाले. सल्लागारांचे म्हणणे, दार लावा. रमाबाईंचे म्हणणे, हिंदू मुली आपल्या खोलीत पूजा करतात तेव्हा मी दार लावायला सांगत नाही. मग माझ्याच घरात मी लपून प्रार्थना का करावी? मी कोणाला बोलावत नाही, आलेल्याला हाकलत नाही. टिळकांचा आरोप सरळ होता: शाळा ख्रिस्ती आहे असे म्हणा, आमची तक्रार नाही, धर्मनिरपेक्षतेचे नाव सांगून हे करू नका. आगरकरांचा ‘सुधारक’ सदनाची बाजू घेत राहिला. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले. वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या.

कोण बरोबर होते? माझा कौल पूर्ण कोणाच्याच पदरात पडत नाही. रमाबाईंनी कराराचे अक्षर मोडले नव्हते हे मला मान्य आहे. जेराल्डिनच्या आज्ञेपुढे न वाकलेली बाई भांडारकरांच्या सांगण्यावरून दाराला कडी घालेल ही अपेक्षाच चुकीची होती. पण रानडे ज्यावर बोट ठेवत होते तेही खरे. आपल्या घराच्या मालकिणीची, अन्नदात्रीची, जिने केस वाढवू दिले आणि अक्षर शिकवले तिची प्रार्थना बारा-तेरा वर्षांच्या निराधार पोरीच्या कानी पडते तेव्हा ती कोणत्याही शेजाऱ्याच्या प्रार्थनेसारखी नसते. ऋणाचाही दाब असतो. वाँटेजला रमाबाई स्वतः अन्नाच्या ऋणात होत्या आणि तो दाब त्यांनी ओळखला होता, झुगारलाही होता. पण त्या पंचविशी गाठलेल्या, संस्कृत पंडिता होत्या. सदनातली पोर झुगारणार कशाच्या बळावर? आणि पालकांनी नेलेल्या मुलींपैकी किती जणी रडत गेल्या, हेही कोणी लिहून ठेवलेले नाही. त्यांच्या वतीने दोन्हीकडचे मोठे लोक बोलत होते.

एक पुरावा मात्र रमाबाईंच्या बाजूने ठळक आहे. गोदूबाई चार वर्षे त्या घरात राहिल्या, उघडे दार रोज पाहिले आणि ख्रिस्ती झाल्या नाहीत. १८९३ च्या मार्चमध्ये, वादळ फुटण्याच्या पाच महिने आधी, त्यांनी विधुर झालेल्या कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांच्या गावच्या, मुरुडच्या, लोकांनी जोडप्याला वाळीत टाकले. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांसाठी हिंदूंनी चालवलेले घर. सदनावर तुटून पडलेल्यांपैकी बहुतेकांना ते सुचले नव्हते.

बॉस्टनची दहा वर्षे संपली आणि १८९८ मध्ये असोसिएशन नव्याने बांधली गेली तेव्हा जुना नियम गळून गेला. त्याच्या तीन वर्षे आधीच, १८९५ मध्ये, सदनातल्या बारा मुलींनी बाप्तिस्मा घेतला होता. दुष्काळातल्या शेकडो पोरी रमाबाईंनी केडगावला आणल्या, मुक्ती सदन उभे राहिले. तिथे प्रार्थना हा दिनक्रमच होता. करार नव्हता, सल्लागार नव्हते, दार लावायला सांगणारे कोणी नव्हते. आणि प्रार्थनेला न येणाऱ्या मुलीची जागा कुठे, हा चौपाटीवरचा प्रश्नही नव्हता. भुकेने मरणाऱ्या पोरींना वाचवणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारायला माझी जीभ रेटत नाही. पण तीस वर्षांच्या रमाबाईंनी तो विचारला असता.

मनोरमा इंग्लंडात, अमेरिकेत शिकली, परत येऊन आईचे काम करत राहिली आणि १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. जेराल्डिनबाईंनी वाँटेजचा सगळा पत्रव्यवहार जपून ठेवला होता, रमाबाईंची उत्तरे धरून, ज्यांत त्यांच्या स्वतःच्या बाजूची पंचाईत होते तीसुद्धा. अधूनमधून आपल्या टिपा घालून त्यांनी तो संग्रह लावला. ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने मुंबईत प्रसिद्ध केला, इंग्रजीतच.